पुण्यतिथी संगीत समारोह

पुण्यतिथी संगीत समारोह म्हणजे दिवंगत गायक, वादक किंवा वाग्गेयकार यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य, कुटुंबीय अथवा एखादी संस्था यांनी दरवर्षी भरवलेली संगीतसभा होय. भारतीय अभिजात संगीताच्या परंपरेत गेलेल्या कलावंताला आदरांजली वाहण्याचा हा सर्वांत रूढ मार्ग आहे. शोकसभेत भाषणांना महत्त्व असते, तर या समारोहात भाषण थोडे आणि गायन-वादन अधिक असते. गुरूकडून मिळालेली विद्या त्याच्या स्मृतीपुढे सादर करणे, ही यामागील मुख्य कल्पना आहे. महाराष्ट्र, गोवा व उत्तर कर्नाटकात या प्रथेला सार्वजनिक महोत्सवाचे रूप आले. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हे त्याचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण आहे.

## संज्ञा

प्रदेश व धर्मपरंपरा यांनुसार या समारोहांना निरनिराळी नावे आहेत. मराठीत 'पुण्यतिथी', 'स्मृती समारोह' व 'स्वरांजली' हे शब्द रूढ आहेत. हिंदी भाषक प्रदेशात आणि तबलावादकांच्या घराण्यांत 'बरसी' हा शब्द वापरला जातो. दर्ग्याशी किंवा कबरीशी जोडलेल्या कार्यक्रमास 'उरूस' म्हणतात. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा असून संताचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, ही सूफी धारणा त्यातून व्यक्त होते. दक्षिणेकडील कर्नाटक संगीतात 'आराधना' ही संज्ञा आहे. जन्मदिनी होणारा 'जयंती समारोह' स्वरूपाने याच्या जवळचा असला तरी त्यामागील भाव वेगळा असतो. जयंती हा उत्सव असतो, तर पुण्यतिथीस श्राद्धकर्माची आणि ऋण फेडण्याची छटा असते.

उरुसात अथवा गुरूच्या पुण्यतिथीस मानधन न घेता गाण्या-वाजवण्यास 'हजेरी लावणे' असे म्हणतात. अशा हजेरीत श्रोत्यांपेक्षा ज्याच्या नावाने सभा भरली आहे त्याच्यापुढे कला सादर करण्याचा भाव प्रधान असतो.

## पार्श्वभूमी

हिंदुस्तानी संगीताचे शिक्षण दीर्घकाळ मौखिक राहिले. गुरूची गायकी, बंदिशी आणि रागविचार शिष्याच्या गळ्यातूनच पुढे जात. त्यामुळे कलावंताच्या निधनानंतर त्याची कला टिकणे हे शिष्यांवर अवलंबून असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले, तरी त्या काळच्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर चालणारा ख्याल तीत बसत नसे. अनेक बुजुर्गांनी ध्वनिमुद्रणास नकार दिला किंवा मोजकेच गाणे मुद्रित होऊ दिले. अशा स्थितीत पुण्यतिथीची बैठक ही त्या गायकीची वार्षिक उजळणीही ठरली. गुरूच्या हयातीत शिकलेले आणि त्याला न पाहिलेले असे दोन्ही पिढ्यांचे शिष्य तेथे एकत्र येत.

स्मरणाची आणखी एक रीत बंदिशींच्या रचनेतच आहे. वाग्गेयकार आपले टोपणनाव, म्हणजे 'मुद्रा', बंदिशीत गुंफतो. नियामत खाँ यांचे 'सदारंग', फैयाज खाँ यांचे 'प्रेमपिया', बडे गुलाम अली खाँ यांचे 'सबरंग', जगन्नाथबुवा पुरोहित यांचे 'गुणिदास' ही त्याची काही उदाहरणे. बंदिश गायली जाते तेव्हा रचनाकाराचे नाव आपोआप उच्चारले जाते. कोणत्याही समारोहाविना चालणारे हे स्मरण शतकानुशतके टिकून आहे.

## स्वरूप

समारोहाचा आराखडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मंचाच्या एका बाजूस दिवंगत कलावंताचे छायाचित्र किंवा तैलचित्र ठेवून त्यास हार घातला जातो व समई लावली जाते. प्रारंभी नवोदित शिष्य गातात आणि ज्येष्ठ कलावंत शेवटी बसतात. काही जण त्या कलावंताचे आवडते राग, त्याच्या घराण्यातील अनवट राग किंवा त्याने बांधलेल्या बंदिशी आवर्जून निवडतात. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावण्याचा शिष्टाचार येथे विशेषत्वाने दिसतो. सांगता भैरवीने होते.

पूर्वी अशा बैठका रात्रभर चालत. त्यामुळे उत्तररात्रीचे व पहाटेचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी मिळे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले. वर्षातील ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्यानंतर खुल्या जागी होणाऱ्या मोठ्या महोत्सवांना आपले वेळापत्रक दुपार व सायंकाळकडे सरकवावे लागले.

### दिवसाची निवड

समारोहाचा दिवस ठरवण्याच्या तीन पद्धती आढळतात. पहिलीत पंचांगातील तिथी पाळली जाते. त्यागराज आराधना पौष वद्य पंचमीस होते. उरूस सहसा हिजरी महिन्यांनुसार ठरतो. दुसऱ्या पद्धतीत इंग्रजी तारीख कायम ठेवली जाते. तबलावादक अल्लारखाँ यांची बरसी ३ फेब्रुवारीस असते, तर मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या स्मृतिप्रतिष्ठानाचे पुरस्कार २४ एप्रिल या त्यांच्या पुण्यतिथीशी जोडलेले आहेत. तिसऱ्या पद्धतीत मृत्युदिनाशी असलेला संबंध सैल होऊन श्रोत्यांच्या सोयीचा हंगाम निवडला जातो. सवाई गंधर्व यांचे निधन सप्टेंबरात झाले. त्यांचा महोत्सव मात्र डिसेंबरात भरतो. पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर मांडव घालणे अवघड असल्याने मोठ्या महोत्सवांचा कल हिवाळ्याकडे असतो.

## प्रमुख समारोह

### हरवल्लभ संगीत संमेलन, जालंधर

पंजाबातील जालंधर येथे देवी तालाब मंदिराच्या परिसरात १८७५ पासून भरणारे हे संमेलन देशातील सर्वांत जुन्या संगीत महोत्सवांपैकी एक आहे. स्वामी हरवल्लभ यांनी आपले गुरू स्वामी तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ ते सुरू केले. पुढे मात्र संमेलन हरवल्लभांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. विष्णू दिगंबर पलुसकर यांनीही येथे गायन केले होते.

### तानसेन समारोह, ग्वाल्हेर

अकबराच्या दरबारातील गायक तानसेन यांची कबर ग्वाल्हेर येथे सूफी संत मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे. शिंदे संस्थानच्या काळात १९२४ मध्ये तेथे उरूस म्हणून सुरू झालेल्या कार्यक्रमाचे पुढे तानसेन समारोहात रूपांतर झाले. २०२४ मध्ये त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. समारोहाच्या सकाळी कबरीपाशी शहनाईवादन, ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा आणि मिलाद असे क्रमाने होऊन चादर चढवली जाते. हिंदू कीर्तन व मुस्लिम धर्मविधी एकाच स्थळी, एकाच कलावंतासाठी होणे हे या समारोहाचे वैशिष्ट्य आहे. समारोहातील एक सभा तानसेनांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या बेहट गावी होते. मध्य प्रदेश शासनाचा तानसेन सन्मान या निमित्ताने दिला जातो. कबरीजवळच्या चिंचेची पाने चघळल्यास आवाज सुरेल होतो, अशी गायकांमध्ये समजूत आहे.

### अब्दुल करीम खाँ स्मृती, मिरज

किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे वास्तव्य अखेरच्या पर्वात मिरजेस होते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले आणि तेथील फलाटावरच त्यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी त्यांनी दरबारी रागात प्रार्थना म्हटली, अशी आठवण संगीतक्षेत्रात सांगितली जाते. त्यांचे दफन मिरजेतील ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. दर्ग्याच्या उरुसाच्या काळात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते व किराणा घराण्यासह अन्य घराण्यांचे कलावंतही तेथे हजेरी लावतात. तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणूनही मिरज प्रसिद्ध असल्याने या सभेस गायक, वादक आणि वाद्यनिर्माते असे संगीताशी जोडलेले सर्व घटक लाभले.

### सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, पुणे

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. १२ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर भीमसेन जोशी व अन्य शिष्यांनी १९५३ मध्ये पुण्यात पहिला पुण्यतिथी समारोह केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते. सवाई गंधर्वांचे जामात डॉ. नानासाहेब देशपांडे यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी हे गुरुबंधू-भगिनी अनेक वर्षे येथे नेमाने गात. घराण्याच्या चौकटीतून सुरू झालेला हा समारोह लवकरच सर्व घराण्यांना, वाद्यसंगीताला आणि नृत्यालाही खुला झाला. न्यू इंग्लिश स्कूलचे रमणबाग मैदान दीर्घकाळ त्याचे स्थळ होते. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथे भरू लागला.

२४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन जोशी यांचे निधन झाल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडण्यात आले. अशा रीतीने गुरूसाठी सुरू केलेला समारोह शिष्याचेही स्मारक बनला. महोत्सवाच्या दिवसांत दिवंगत कलावंतांवरील माहितीपट सवाई गंधर्व स्मारकात दाखवले जातात. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच आवाजातील भैरवीचे ध्वनिमुद्रण ऐकवून करण्याची प्रथा आहे. त्यामुळे ज्यांच्या नावाने सभा भरते, त्यांचाच स्वर सभेत सर्वांत शेवटी उमटतो.

धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ या सवाई गंधर्वांच्या गावीही नाडगीर वाड्यात स्वतंत्र स्मृती समारोह होतो.

### सूरश्री केसरबाई केरकर समारोह, गोवा

जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा जन्म गोव्यातील केरी येथे झाला. अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांची दीर्घ तालीम झाली. ध्वनिमुद्रणाबाबत त्या अतिशय चोखंदळ असल्याने त्यांचे गाणे अल्प प्रमाणात जतन झाले आहे. तथापि त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर समाविष्ट आहे. त्यांच्या नावाने कला अकादमी गोव्यात संगीत समारोह भरवते. केरी येथे त्यांच्या नावाचे विद्यालय आहे.

### मुंबईतील समारोह

आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित (१९०४–१९६८) यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास यांनी 'गुणिदास संमेलन' सुरू केले. गुरूच्या मुद्रेचेच नाव येथे संमेलनास मिळाले. व्यास यांनी स्वतःसाठी 'गुणिजान' ही मुद्रा घेतली होती. अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांची अपत्ये सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या स्मरणार्थ त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी वार्षिक समारोह चालवला.

अल्लारखाँ (१९१९–२०००) यांच्या बरसीस त्यांचे पुत्र झाकीर हुसेन यांच्या पुढाकाराने मुंबईत पहाटेपासून दिवसभर चालणारी सभा भरू लागली. साथीदार मानल्या गेलेल्या तालवादकास मुख्य स्मरणीय व्यक्तीचे स्थान देणारा हा समारोह त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांचेही निधन झाले.

## त्यागराज आराधना आणि स्मरणाचा अधिकार

दिवंगत कलावंताचे स्मरण कोणी करावे, हा प्रश्न तमिळनाडूतील तिरुवैयारू येथे सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला. कर्नाटक संगीताचे श्रेष्ठ वाग्गेयकार त्यागराज (१७६७–१८४७) हे तंजावरच्या मराठा राज्यात राहत होते. सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारल्याची कथा प्रसिद्ध आहे. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला आणि कावेरीच्या काठी त्यांची समाधी झाली.

शिष्यपरंपरेने आराधना सुरू ठेवली. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांत स्त्रियांना समाधीपुढे गाण्यास मज्जाव होता. समाधीची दुरवस्था झाल्याचे कळल्यावर देवदासी समाजातील गायिका बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी स्वतःची मिळकत व दागिने खर्ची घालून १९२० च्या दशकात तेथे जमीन मिळवली आणि मंदिर बांधले. ज्या वास्तूसाठी त्यांनी सर्वस्व दिले, तेथेच गाण्यास त्यांना विरोध झाला. तेव्हा त्यांनी स्त्री-कलावंतांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास हे सर्व पक्ष एकत्र आले आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गाण्याची आजची रीत रूढ झाली. नागरत्नम्मा यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोर आहे.

## स्मरणातील विषमता

पुण्यतिथी समारोह टिकण्यास तीन गोष्टी आवश्यक ठरतात: समर्थ शिष्यवर्ग, निश्चित स्थळ आणि चालवणारी संस्था. ज्यांना यांपैकी काहीच लाभले नाही, त्यांचे नाव गुणवत्ता असूनही मागे पडते. सारंगीवादक, तबल्याचे व संवादिनीचे साथीदार, तसेच कोठीवर गाणाऱ्या आणि कलावंतीण म्हणून ओळखल्या गेलेल्या गायिका यांच्याबाबत हे विशेषत्वाने घडले. जुन्या तबकड्यांवर अनेक साथीदारांची नावेही छापलेली नसत. त्यामुळे वाद्याचा स्वर उरला आणि वादक अनाम राहिला. गोव्यातील कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या गायिकांनी स्वकर्तृत्वाने मिळवलेले सार्वजनिक स्थान या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

स्थळ असूनही स्मृती सुरक्षित राहतेच असे नाही. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ यांचे १९५० मध्ये निधन झाले व बडोदे येथे त्यांचे दफन झाले. २००२ च्या दंगलीत त्यांच्या कबरीची मोडतोड झाली. 'प्रेमपिया' या मुद्रेच्या त्यांच्या बंदिशी मात्र मैफलींत आजही गायल्या जातात.

## स्वरूपातील बदल

प्रारंभीच्या समारोहांचा खर्च शिष्य व रसिक यांच्या वर्गणीतून चाले आणि कलावंत गुरुसेवा म्हणून विनामानधन गात. श्रोतृवर्ग वाढल्यावर मांडव, ध्वनिव्यवस्था, प्रवास व मानधन यांसाठी तिकीटविक्री आणि उद्योगसमूहांचे प्रायोजकत्व आवश्यक झाले. या बदलामुळे देशभरातील कलावंत एका मंचावर आले, नव्या कलावंतांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला आणि तरुण रसिक तयार झाले. त्याचबरोबर, ज्याच्या नावाने समारोह भरतो त्याच्या गायकीशी सादरीकरणाचा संबंध उरत नाही, असा आक्षेपही घेतला जातो. त्यामुळे काही शिष्यमंडळींनी मोठ्या महोत्सवांबरोबरच गुरूच्या घरी किंवा संगीत विद्यालयात छोट्या बैठकीची प्रथा कायम ठेवली आहे. गुरुपौर्णिमेच्या बैठकीप्रमाणेच तेथे निमंत्रित श्रोत्यांपुढे केवळ परंपरेतील विद्यार्थी गातात.

## अन्य प्रकारची स्मारके

समारोहांव्यतिरिक्त पुरस्कार, शिष्यवृत्त्या आणि वास्तू यांद्वारेही कलावंतांचे स्मरण केले जाते. महाराष्ट्र शासन भीमसेन जोशी यांच्या नावे शास्त्रीय संगीतासाठी जीवनगौरव पुरस्कार देते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. २६ जून १९६८ रोजी उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते. आकाशवाणीची केंद्रे कलावंतांच्या पुण्यतिथीस संग्रहातील ध्वनिमुद्रणे प्रसारित करतात. खासगी संग्राहकांनी जपलेल्या तबकड्या व मैफलींच्या ध्वनिफिती यांनाही अशा प्रसंगी महत्त्व येते.

## हेसुद्धा पहा

- किराणा घराणे
- जयपूर-अत्रौली घराणे
- सवाई गंधर्व
- भीमसेन जोशी
- अब्दुल करीम खाँ
- केसरबाई केरकर
- बंगळूर नागरत्नम्मा
- गुरुपौर्णिमा